दिवाणखान्यातून निघालेली गोळी

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ॲबर्डीनच्या उत्तरेला, बेल्हेल्वी नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांना दोन नाद होते : रसायनशास्त्राचा आणि पाणपक्ष्यांच्या शिकारीचा. पहिला नाद दुसऱ्याच्या कामी आला. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढला की गारगोटीची ठिणगी नळीबाहेरच्या छोट्या वाटीतल्या रंजकावर पडे. रंजक भडकला की त्याची आग छिद्रातून आत जाई आणि मग बार उडे. या खटाटोपात जो निमिषभराचा वेळ जाई, तेवढा बदकाला पुरे. जाळ दिसताच ते पाण्याखाली बुडी मारी आणि छर्रे रिकाम्या पाण्यावर सांडत. पावसात तर रंजक ओला होऊन बारच फुसका जाई, आणि स्कॉटलंडमध्ये पावसाला तोटा नाही.

1800 मध्ये एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मर्क्युरी फुलमिनेट या पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली होती. त्याला आग लावावी लागत नाही, नुसता ठोका बसला तरी तो फुटतो. फोर्सिथने असल्या ठोक्याने फुटणाऱ्या मसाल्यांवर प्रयोग केले. ठिणगीऐवजी ठोक्यानेच बार उडवायचा, बाहेर जाळ दिसू द्यायचाच नाही, अशी युक्ती त्याने बसवली आणि 1807 मध्ये तिचे पेटंट घेतले. मधल्या काळात लष्कराच्या दारूगोळा खात्याचे प्रमुख लॉर्ड मोइरा यांनी त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये कामाला जागा दिली होती. पण मोइरा पदावरून गेले, त्यांच्या जागी लॉर्ड चॅटम आले आणि त्यांनी पाद्रीबुवांना चंबूगबाळे आवरायला सांगितले. ब्रिटिश फौजेने ठोक्याची बंदूक स्वीकारायला पुढे तीसेक वर्षे घेतली.

हे मोइरा मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. पुढे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज या नावाने तेच हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झाले आणि 1817-18 चे शेवटचे इंग्रज-मराठा युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झाले. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या माळावर दोन्ही बाजूंनी उडालेल्या बंदुका मात्र जुन्याच, चकमकीच्या किंवा तोड्याच्या होत्या. बदकासाठी शोधलेली युक्ती अजून शिकारी शौकिनांपुरतीच होती.

खेळाच्या दारूगोळ्याच्या इतिहासात हे वारंवार घडलेले दिसते. काडतुसातल्या कितीतरी सुधारणा रणांगणावर जन्माला आल्या असे आपण गृहीत धरतो. पण त्यांतल्या बऱ्याच शिकारीच्या तळ्याकाठी, जत्रेतल्या नेमबाजीत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात सुरू झाल्या. लष्कर मागून आले. आल्यावर त्याने त्या सुधारणा आपल्या कामासाठी, म्हणजे ताकद आणि वेग वाढवण्यासाठी वापरल्या. खेळाची वाट तिथून वेगळी झाली. खेळाला हवा होता एकसारखेपणा : पहिली गोळी जिथे गेली तिथेच साठावी गोळी जाणे. ताकदीच्या मानाने ही मागणी किती अवघड आहे, हे पुढच्या पावणेदोनशे वर्षांत कळत गेले.

फुलमिनेटचा खेळ स्वस्त नव्हता. लंडनमध्ये 1828 पासून काडतुसांचा धंदा करणाऱ्या ईली बंधूंपैकी विल्यम ईली 1841 मध्ये कारखान्यात हा मसाला हाताळताना स्फोटात ठार झाला. धंदा घराण्याने चालू ठेवला. ईली हे नाव आज जगभरच्या नेमबाजांच्या पेटीत असते, पण त्यांतल्या फार थोड्यांना हा विल्यम ठाऊक असेल.

1845 च्या सुमाराला पॅरिसमध्ये लुई-निकोला फ्लोबेर या बंदूककाराने एक गमतीची वस्तू केली. ठोक्याच्या बंदुकीत वापरायची तांब्याची टोपी घेतली आणि तिच्या तोंडावर शिशाचा बारीक गोळा बसवला. आत बारूद नाहीच, फुलमिनेटचा जो काही जोर असेल तेवढाच. टोपीच्या बुडाला किनार ठेवली, म्हणजे ती नळीत घसरून जाणार नाही. झाले काडतूस. आवाज जेमतेम, धूर नावाला. पॅरिसचे सुखवस्तू लोक जेवणानंतर हॉलच्या एका टोकाला लक्ष्य लावत आणि दुसऱ्या टोकाकडून या बंदुकीने नेम धरत. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात फ्लोबेरच्या बंदुका मांडल्या होत्या. बघणाऱ्यांना ते खेळणेच वाटले असणार, आणि ते खेळणेच होते.

अमेरिकेत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी मात्र या खेळण्याकडे गंभीरपणे पाहिले. त्यांनी टोपीची पुंगळी लांब केली, फुलमिनेटचा मसाला पोकळ किनारीत भरला आणि उरलेल्या जागेत 4 ग्रेन, म्हणजे पाव ग्रॅमहून किंचित अधिक, काळी बारूद घातली. पुढे 29 ग्रेनची, म्हणजे पावणेदोन-दोन ग्रॅमची, शिशाची गोळी. घोडा किनारीवर आपटला की दोन पत्र्यांत मसाला चिरडला जातो, फुटतो, बारूद पेटते. हे काडतूस आणि त्यासाठीचे सात बारांचे छोटे रिव्हॉल्व्हर 1857 मध्ये बाजारात आले. आज आपण त्या काडतुसाला .22 शॉर्ट म्हणतो. आरपार छिद्रे असलेल्या सिलिंडरचे पेटंट रोलिन व्हाइट या दुसऱ्याच माणसाकडे होते; त्याला प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे 25 सेंट मिळत.

त्याच 1857 सालात हिंदुस्थानात दुसरे एक काडतूस गाजत होते. एनफील्ड रायफलचे हे काडतूस कागदाचे. आत मोजून बांधलेली बारूद आणि गोळी, वरून चरबीचे लेपण. शिपायाने कागद दाताने फाडायचा, बारूद नळीत ओतायची, मग गोळी गजाने ठासायची. जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमला चरबीची कुणकुण लागली, मार्चमध्ये बराकपूरला मंगल पांडे उठला आणि एप्रिलमध्ये मेरठच्या कवायतीत 85 घोडेस्वारांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. त्यांच्यापुढे ठेवलेली काडतुसे जुन्याच पद्धतीची होती; पण तोवर संशय काडतुसाच्या पलीकडे गेला होता. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्येही या काडतुसांची हकीकत आली आहे. एका गोलार्धात कागद दाताने फाडायच्या हुकमावरून राज्य हादरले, दुसऱ्या गोलार्धात त्याच वर्षी सगळा ऐवज एका तांब्याच्या पुंगळीत बंद होऊन खिशात मावू लागला. योगायोग आहे, पण दोन युगे एका वर्षात अशी शेजारी उभी राहिलेली क्वचित दिसतात.

.22 शॉर्टची गोळी हलकी होती. 1880 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने लांब पुंगळीत 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची, गोळी बसवली. हे .22 लाँग रायफल. आत काळ्या बारुदीच्या जागी धूरविरहित बारूद आली, तांब्याची पुंगळी पितळेची झाली, गोळीवरचे मेण बदलले. बाकी मापे जवळपास तीच राहिली. आज ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल आणि 25 मीटर पिस्तूल या प्रकारांत जे काडतूस चालते ते हेच. महाविद्यालयात एनसीसी केलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी आयुष्यातला पहिला बार .22 चाच काढला आहे. अंजली भागवत यांची सुरुवातसुद्धा मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातल्या एनसीसीतून झाली.

छर्ऱ्यांचे घराणे वेगळे. त्याची कथा ब्रिस्टलमध्ये सुरू होते. तिथल्या विल्यम वॉट्स नावाच्या नळकाम करणाऱ्याने 1782 मध्ये गोल छर्रे पाडायचे पेटंट घेतले. त्याला म्हणे स्वप्न पडले होते, शिशाचा पाऊस पडतोय आणि थेंब वाटोळे होताहेत. स्वप्नाचे खरेखोटे राहू दे, युक्ती मात्र पक्की होती. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून सोडले की पडताना पृष्ठताणामुळे प्रत्येक थेंब गोल होतो आणि खालच्या पाण्यात पडून घट्ट बनतो. चिमूटभर अर्सेनिक घातले तर थेंब आणखी नीट वळतात. उंची हवी म्हणून वॉट्सने स्वतःच्याच घरावर मनोरा चढवला. छर्ऱ्यांत मिळवलेला पैसा त्याने पुढे क्लिफ्टनमध्ये इमारती बांधण्यात घातला आणि दिवाळखोर झाला. त्याच्या घरावरचा तो मनोरा 1968 पर्यंत उभा होता.

छर्ऱ्याच्या बंदुकीचे माप ऐकून नवखा माणूस गोंधळतो. रायफल .22 म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या साधारण बावीस शतांश, हे सरळ आहे. बारा बोअरचे गणित उलटे आहे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा बारीक. या नळीतून एका वेळी एक गोळी नाही, शेकडो छर्रे सुटतात. उडते लक्ष्य टिपायच्या ऑलिंपिकच्या ट्रॅप प्रकारात काडतुसात 24 ग्रॅम शिसे भरतात. साडेसात नंबरचे छर्रे असतील तर ते साधारण 300 होतात. स्कीट या दुसऱ्या प्रकारात लक्ष्य जवळून जाते, म्हणून नऊ नंबरचे बारीक छर्रे लागतात. वजन तेच, छर्रे मात्र 500 च्या वर. दूरच्या लक्ष्याला मोठा छर्रा हवा, कारण तो वेग टिकवतो; जवळच्याला दाट जाळे हवे. छर्ऱ्याचे नंबर आणि चोक, म्हणजे नळीच्या तोंडाची आवळ, निवडण्यामागे हा एवढाच हिशेब आहे.

आधी हे लक्ष्य जिवंत असे. पिंजऱ्यातून कबुतर सोडायचे आणि उडताना टिपायचे, हा युरोपातला उमरावी खेळ. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या जोडीने ती स्पर्धाही झाली आणि बेल्जियमच्या लेओं द लुंडेनने 21 पक्षी पाडून ती जिंकली. तीनशेच्या आसपास कबुतरे मेली. ऑलिंपिकमध्ये तो प्रकार पुन्हा कधी झाला नाही. अमेरिकेत त्याआधीच पर्याय शोधले गेले होते. पिसांनी भरलेले काचेचे गोळे हवेत उडवत. फुटला की पिसे उधळत आणि प्रेक्षक खूश होत. पण शेतभर काचा. 1880 मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीची चकती काढली. आज ती 11 सेंटिमीटर व्यासाची, सुमारे 105 ग्रॅमची असते, चुनखडी आणि डांबरासारख्या राळेपासून बनते. स्कीटचा जन्मही मजेशीर आहे. मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हरमध्ये चार्ल्स डेव्हिस आणि त्याचे सवंगडी वर्तुळाभोवती फिरत चारी दिशांना बार काढत. मग शेजाऱ्याने कोंबड्या पाळायला घेतल्या. वर्तुळाचे अर्धवर्तुळ झाले आणि तेच आजही कायम आहे.

छर्ऱ्यांच्या बाबतीतही शौकीन लष्कराच्या पुढे होते. लाकडाच्या तंतूंपासून बनवलेली धूरविरहित बारूद एदुआर्द शुल्त्झे या प्रशियन अधिकाऱ्याने 1860 च्या दशकात तयार केली. लष्करी रायफलींना ती चालेना, कारण ती फार झपाट्याने जळे. शिकारीच्या बारा बोअरला मात्र ती मानवली. पहिला बार काढल्यावर धुराच्या पडद्यातून दुसरा पक्षी शोधत बसणे थांबले. फ्रान्सच्या पॉल व्हिएयने रायफलींसाठी जी बारूद केली ती 1884 ची.

ही नवी बारूद हाती येताच लष्करे वेगाच्या मागे लागली. बारीक नळी, तांब्याचे आवरण असलेली लांब गोळी, ध्वनीच्या दुप्पट वेग. डमडमच्या कारखान्यात 1890 च्या दशकात त्या गोळीचे नाक उघडे ठेवण्याचा प्रयोग झाला. जखम इतकी भयंकर होई की 1899 च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश फौजेला आठवडाभरात तीन ठिकाणी धूळ चारली. हातात जर्मन मॉझर आणि लांबवर नेम धरायची जन्माची सवय. त्यांतल्या कोलेन्सोच्या लढाईत फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांचा एकुलता एक मुलगा पडला. कानपूरला जन्मलेले, हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती राहिलेले हे रॉबर्ट्स मग त्याच युद्धाची सूत्रे हाती घ्यायला रवाना झाले आणि परतल्यावर एकच धोशा लावून बसले : इंग्लंडमधल्या कारकुनाला आणि गिरणी कामगाराला नेम शिकवा.

पण शिकवणार कशाने? लष्करी काडतूस महाग, त्याला मैलभर मोकळी जागा लागते आणि खांद्याला धक्का बसतो. .22 ला चर्चचे तळघर किंवा कारखान्यामागचे बोळ पुरते. छोट्या नळीच्या रायफलींचे क्लब इंग्लंडभर निघाले आणि 1903 पासून त्यांची एकत्र संस्था उभी राहिली. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये .22 चे प्रकार आले ते या लाटेवर. फ्लोबेरच्या दिवाणखान्यातल्या काडतुसाला साम्राज्याच्या संरक्षणाचे काम मिळाले. त्याने ते केले की नाही हा वादाचा विषय आहे. खेळ मात्र त्याने उभा केला.

काडतुसाच्या कारागिरांना आता खरी परीक्षा आली. क्लबातला नेमबाज एका संध्याकाळी पन्नास-साठ बार काढी, आणि त्याला दिसे की रायफल तीच, हात तोच, तरी गोळ्या विखुरतात. पहिली अडचण गंजाची होती. पेटवणीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. जळल्यावर मागे राहणारे क्षार हवेतला ओलावा ओढत आणि रात्रभरात नळी गंजे. 1920 च्या दशकात जर्मनीतल्या आरडब्ल्यूएसने ‘सिनॉक्सिड’ आणि अमेरिकेतल्या रेमिंग्टनने ‘क्लीनबोअर’ हे न गंजवणारे मसाले बाजारात आणले, तेव्हा नेमबाजांची ती रोजची गरम पाण्याची आणि चिंध्यांची कटकट सुटली.

दुसरी अडचण वेगाची. समुद्रसपाटीला, 20 अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर. बाजारातली ‘हाय व्हेलॉसिटी’ .22 गोळी यापेक्षा जोरात सुटते, पण हवेच्या विरोधाने थोड्याच अंतरावर ध्वनीच्या वेगाखाली उतरते. ही शीव ओलांडताना तिच्या अंगावर हवेचे धक्के बसतात आणि ती डगमगते. शिकाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. 50 मीटरवरच्या लक्ष्यावर 10 गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे आहे, तिथे ते परवडत नाही. म्हणून स्पर्धेचे काडतूस मुद्दाम संथ ठेवतात, सेकंदाला सव्वातीनशे-तीनशेतीस मीटरच्या घरात, म्हणजे गोळी ती शीव ओलांडतच नाही. दुकानात जास्त वेगाची पेटी ‘भारी’ म्हणून मागणाऱ्या नवशिक्याला हे पटवायला प्रशिक्षकांचा बराच वेळ जातो.

संथ गोळीचा वेग मात्र प्रत्येक बाराला सारखा हवा. 50 मीटर जायला तिला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती 12 सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. साइट लावताना हे गृहीत धरलेले असते. पण एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला 10 मीटरने कमी असेल, तर ती सात-आठ मिलिमीटर आणखी खाली लागते. नेमबाजाने श्वास रोखला, चाप अलगद दाबला, सगळे चोख केले, आणि दहाचा नऊ झाला. चूक कारखान्यातल्या बारुदीच्या कणाची.

इथे फ्लोबेरच्या रचनेतली खोट पुढे येते. मोठ्या काडतुसांत पेटवणीची टोपी वेगळी असते आणि बुडाच्या मधोमध बसते. पुंगळी पुन्हा भरता येते. 300 मीटर रायफलचा किंवा .32 सेंटर-फायर पिस्तुलाचा नेमबाज आपल्या टेबलावर बारूद तोलून आपल्या नळीला मानवेल असे काडतूस घडवू शकतो. .32 साठी तो सपाट तोंडाची वॉडकटर गोळी निवडतो. ती कागद फाडत नाही, पंचाने पाडावे तसे स्वच्छ गोल भोक पाडते आणि पंचांशी वाद उरत नाही. .22 मध्ये यातले काहीच हाती नाही. ओला मसाला पुंगळीत घालून गरगर फिरवतात, तो किनारीत पसरतो आणि वाळतो. कुठे कणभर जास्त, कुठे कमी. किनार एकदा चेपली की पुंगळी बाद. नेमबाज पूर्णपणे कारखान्यावर विसंबून असतो.

म्हणून या खेळात एक चमत्कारिक रिवाज रुळला आहे. एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसेसुद्धा लॉटनुसार वेगळी वागतात, आणि कोणता लॉट कोणत्या नळीला मानवेल हे आधी सांगता येत नाही. मग मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमला किंवा जर्मनीतल्या कारखान्यांत जातात. तिथल्या बोगद्यासारख्या पट्ट्यात नळी शिकंजात आवळतात, लॉटमागून लॉट उडवून बघतात. ज्या लॉटच्या दहा गोळ्या सर्वांत लहान जागेत पडतील त्याची हजारो काडतुसे विकत घ्यायची, मोसमभर जपायची. माणसाचा हात यात कुठेच नसतो. नेमबाजी ही एकाग्रतेची कला आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा हा बोगदा पाहायला हवा.

अशा काडतुसांमागे बोटे असतात, हे फिनलंडमधल्या लापुआ गावाला चांगले ठाऊक आहे. 1923 मध्ये तिथे सरकारी काडतूस कारखाना निघाला आणि गावाचे नाव नेमबाजांच्या तोंडी बसले. 13 एप्रिल 1976 ला सकाळी त्याच्या भरण विभागात स्फोट झाला. 40 माणसे गेली, बहुतेक स्त्रिया. त्या देशाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा औद्योगिक अपघात ठरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत आणखी एक फाटा फुटला. दोस्त राष्ट्रांनी जर्मनांच्या बंदुका काढून घेतल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नेमबाजी मंडळांना हवेच्या बंदुकीवर भागवावे लागले. ओबर्नडॉर्फ या मॉझरच्या गावात जुन्या कारखान्यातल्या अभियंत्यांनी फाइनवेर्कबाउ ही कंपनी काढली आणि 1961 मध्ये धक्का न जाणवणारी हवेची रायफल बाजारात आणली. जिथे लाखो युद्धरायफली घडल्या तिथे आता अर्ध्या ग्रॅमच्या गोळीची चिंता सुरू झाली. 4.5 मिलिमीटरची ही गोळी डमरूसारखी, कमरेत बारीक असते. तोंड सपाट, मागचा घागरा पोकळ. हवेचा दाब आला की घागरा पसरून नळीच्या पेचांना घट्ट बसतो. तोंडाचा व्यास 4.49 हवा की 4.50, यावर नेमबाज तास घालवतात, कारण 10 मीटरवरचे दहाचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असते. जागतिक स्पर्धांत हा प्रकार 1966 ला आला, ऑलिंपिकमध्ये 1984 ला. सिडनीला 2000 मध्ये अंजली भागवत, अथेन्सला 2004 मध्ये सुमा शिरूर यांनी अंतिम फेरी गाठली ती यात, आणि 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकले तेही यातच.

खडकीच्या रणभूमीच्या परिसरात 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात 1964 पासून. दोन्ही मुख्यतः फौजेसाठी. स्पर्धेची काडतुसे आणि चांगल्या हवेच्या गोळ्या भारतीय नेमबाजाला बहुतांशी बाहेरून मागवाव्या लागतात, परवाने आणि संघटनेची पत्रे जमवावी लागतात. ज्या लॉटची परीक्षा झाली तोच हाती पडेल, याची वाट बघावी लागते. हे ध्यानात घेतले की कोल्हापूरची कामगिरी अधिक ठसते. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्यूनिकला 50 मीटर प्रोन रायफलची जगज्जेती झाली. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्निल कुसळे 1 ऑगस्ट 2024 ला शातोरूच्या रेंजवर 451.4 गुण करून 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. तिघांच्याही हातांतले काडतूस .22 लाँग रायफल.

.22 शॉर्ट मात्र आता ऑलिंपिकमध्ये दिसत नाही. धक्का कमी बसतो म्हणून 25 मीटर रॅपिड-फायरचे पिस्तूलवाले ते पसंत करत. 1938 मध्ये हातबाँबने उजवा हात गमावून डाव्याने शिकलेला आणि 1948, 1952 अशी दोन सुवर्णे जिंकलेला हंगेरीचा कारोली ताकाच याच रॅपिड-फायरमधला. 2005 पासूनच्या नियमांनी तिथेही लाँग रायफल सक्तीचे केले आणि शॉर्टसाठी खास बनवलेली महागडी पिस्तुले कपाटात गेली.

पुढचा वाद धातूचा आहे. शिसे विषारी आहे. पाणथळ जागी पडलेले छर्रे पाणपक्षी दगड समजून गिळतात आणि मरतात. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे 1991 मध्ये बंद केले, युरोपीय संघात पाणथळींसाठी तशी बंदी 2023 पासून आहे. 2021 मध्ये युरोपच्या रसायन संस्थेने शिकार आणि खेळ या दोहोंतल्या शिशावर निर्बंध सुचवले, तेव्हा नेमबाजी संघटना धसकल्या. बारा बोअरला पोलादी छर्रे चालवून घेता येतात, थोडे मोठे घ्यायचे. .22 ची गोष्ट अवघड आहे. शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.9, कथलाची 7.3, जस्ताची 7.1. त्याच मापाची जस्ताची किंवा कथलाची गोळी वजनाने शिशाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी भरते. बारूद तेवढीच ठेवली तर ती ध्वनीच्या वेगापलीकडे जाते, बारूद कमी केली तर वारा तिला उडवतो, लांब केली तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या नळ्यांमधल्या पेचांचा पिळ तिला पुरत नाही. बिनशिशाच्या .22 गोळ्या विकायला आहेत, पण 10.4 मिलिमीटरच्या वर्तुळात शिशाच्या गोळीची बरोबरी त्यांना अजून साधलेली नाही.